सहा कोटी काप, एक टेप

सोमवार, ३ मार्च

एकाहत्तर टक्के. आणि तिथेच गळा दाबला त्याचा.

शुक्रवारी रात्री नऊला लावलेला बॅकअप आज सकाळी अकरालाही चालूच होता. वरून फोनवर फोन — फायली उघडत नाहीत, स्क्रीन हलत नाही, पेशंट ताटकळलेत. शेवटी साहेब स्वतः खाली आले. साहेब वर्षातून दोनदा खाली येतात. एकदा आग विझवायच्या सरावाला आणि एकदा ती माझ्यावर पाखडायला.

"बंद करा ते."

"सर, बंद केलं तर तीन दिवसांचं सगळं वाया जाईल. पुन्हा पहिल्यापासून —"

"आत्ता बंद करा."

केलं बंद. आणि दुपारच्या मीटिंगमध्ये त्याच साहेबांनी त्याच तोंडाने विचारलं, "आपला बॅकअप पूर्ण का होत नाही?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पाण्याच्या ग्लासाकडे.

तिथे जे बोलले नाही ते इथे लिहून ठेवते. वही निदान मध्येच तोडत नाही.

आम्ही कृत्रिम पाय बनवतो. हातही, पण पाय जास्त. माणूस येतो, उरलेल्या पायाचा स्कॅन होतो, आणि मशीन त्या स्कॅनचे पातळ पातळ काप करतं — एकेका माणसाचे दोन-अडीच हजार. प्रत्येक काप म्हणजे एक वेगळी फाइल. असे सहा कोटी काप आमच्या सर्व्हरवर बसलेत. दर आठवड्याला त्या सगळ्यांची टेपवर नक्कल करायची आणि टेपा तिजोरीत ठेवायच्या, हे माझं काम. टेप भरली की हाताने काढायची, दुसरी लावायची. रात्री भरली तर सकाळी मी येईपर्यंत यंत्र वाट बघत बसतं. म्हणून शनिवारी दिवसभर आणि रविवारी सकाळी मी इथे. सहा वर्षं झाली.

रोजचा छोटा बॅकअप हा मोठा संपल्याशिवाय सुरू होत नाही. मोठा संपत नाही. म्हणजे रोजचाही नाही. म्हणजे नक्की काय आहे आपल्याकडे? — असं कुणी विचारलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही.


बुधवार, ५ मार्च

आज विचारलं.

वर कुणीतरी एक फोल्डर उडवलं. कुणी, ते कुणालाच माहीत नाही. आमच्याकडे फोल्डर आपोआप उडतात, पाखरांसारखी. एका बसकंडक्टर बाईंचं होतं. स्कॅन २० फेब्रुवारीचा. स्कॅन करणारी धावत खाली आली, "तुझ्याकडे असेलच ना?"

माझ्याकडे शेवटचा पूर्ण बॅकअप ९ फेब्रुवारीचा. म्हणजे माझ्या टेपांच्या हिशेबाने त्या बाई अजून आमच्याकडे आलेल्याच नाहीत.

साहेब म्हणाले, "त्यांना पुन्हा बोलवा. काहीतरी तांत्रिक कारण सांगा." तांत्रिक कारण म्हणजे मी. तेव्हा फोनही मीच केला.


शुक्रवार, ७ मार्च

कंडक्टर बाई आल्या. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, दोन बस बदलून, कुबड्यांवर. गुडघ्याखाली नाही उजवा. आता डेपोत बसून तिकिटांचे गठ्ठे मोजायचं काम दिलंय त्यांना, ते त्यांना अजिबात आवडत नाही. "माणसं दिसत नाहीत हो तिथे," म्हणाल्या.

मी माफी मागायला वर गेले होते. शब्द जुळवून गेले होते. फोल्डर कसं उडालं, टेपवर का नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे माझा पाय दोनदा गेला म्हणायचा."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.


शनिवार, ८ मार्च

ऑफिसात मी, गेटवर वॉचमन आणि यंत्र. उन्हाचा पट्टा टेबलावरून सरकत सरकत कपाटापर्यंत जातो तेवढ्यात एक टेप भरते. घड्याळ बघावं लागत नाही.

सकाळी बाबांशी वाजलं. मी व्यायामाचा तक्ता छापून आणला होता. रंगीत, रोज खूण करायला चौकोन वगैरे. भिंतीला चिकटवला होता. आज बघते तर तक्ता खाली आणि त्याच्या पाठीवर पत्त्यांच्या डावाचे गुण! एका बाजूला 'सासरा', दुसऱ्या बाजूला 'जावई'. सासरा पुढे आहे.

बाबांचा डावा पाय गेल्या वर्षी गेला. साखर. जखम बरी होत नव्हती, घोट्याच्या वरून काढावा लागला. नवा पाय आमच्याच संस्थेत बनला, माझ्या ओळखीने, रांगेत न थांबता. आठ महिने तो पिशवीत आहे आणि पिशवी पलंगाखाली. "चावतो," म्हणतात. कुठे चावतो ते दाखवा म्हटलं तर — "तू डॉक्टर आहेस का?" नाही. मी टेपवाली आहे. चाळीस वर्षं क्रेनच्या केबिनमधून सगळ्यांकडे वरून बघितलेला माणूस आता चाकाच्या खुर्चीतून सगळ्यांकडे खालून बघतो आणि त्याचा राग माझ्यावर काढतो.

मी म्हटलं, "आमच्याकडे लोक दोन महिन्यांत जिना चढतात."

"मग त्यांच्यातलाच एक घेऊन ये घरी. त्याला बाबा म्हण."

मी पर्स उचलली आणि ऑफिसला आले. एक तास आधीच.

इथे बरं वाटतं. हे कुणाला सांगायची सोय नाही. शनिवारी ऑफिसला जावं लागतं म्हणून सगळे मला 'बिच्चारी' म्हणतात, मीही तसाच चेहरा करते. पण हे यंत्र निदान स्वतःचं किती टक्के काम झालं ते सांगतं.


मंगळवार, ११ मार्च

आज टायवाला आला. यंत्रं विकणाऱ्या कंपनीचा. नाव लक्षात राहत नाही, टाय राहतो. आजचा जांभळा.

पहिल्याच चित्रात रॉकेट होतं. दुसऱ्या चित्रात आमचा जुना टेप ड्राइव्ह, म्हणजे टेपवर लिहिणारं यंत्र, शेजारी कासव. साहेब हसले. मग नव्या ड्राइव्हची ओळख — दुप्पट वेगाने लिहितो, एका टेपवर पाचपट मावतं.

मी हात वर केला. म्हटलं, लिहिण्याच्या वेगाची अडचण नाहीच. अडचण वाचण्याची आहे. सहा कोटी बारक्या फायली एकेक करून शोधायच्या, उघडायच्या, वाचायच्या, बंद करायच्या. त्यात टेपपर्यंत माल थेंब थेंब पोचतो. टेप आत्ताच उपाशी आहे. तिचं तोंड आणखी मोठं करून काय होणार?

टायवाला माझ्याकडे बघून हसला, दुसऱ्याच्या लहान मुलाकडे बघून हसतात तसा. "मॅडम, वेग म्हणजे वेग."

साहेबांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी वहीत लिहून घेतलं.

दोन वर्षांपूर्वी याच विषयावर मी चार पानी टिपण दिलं होतं. त्यावर साहेबांचा शेरा होता — 'पाहिले'. खरंच पाहिलं असेल. वाचलं असतं तर 'वाचले' लिहिलं असतं.


बुधवार, १९ मार्च

ड्राइव्ह आला. साहेबांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला. फोटो मी काढला.


शनिवार, २२ मार्च

आज दिवसभर त्याच्यासमोर बसून आवाज ऐकला. घर्रर्र — टक् — थांबतो — मागे जातो — पुन्हा घर्रर्र. चार सेकंद पुढे, तीन सेकंद मागे.

टेप एका ठरावीक वेगाने पळत असते. माल कमी पडला की तिला थांबावं लागतं. पण पळणारी वस्तू जागच्या जागी थांबत नाही, थोडी पुढे घसरते. मग मागे यायचं, सोडलेली जागा शोधायची, पुन्हा वेग पकडायचा. तोवर माल पुन्हा संपलेला. जुना ड्राइव्ह गरीब होता बिचारा. माल हळू आला तर तोही चाल मंद करायचा, कसंबसं जुळवून घ्यायचा. नव्याला तेवढं हळू चालताच येत नाही. त्याला फक्त पळता येतं, नाहीतर थांबता.

वेग म्हणजे वेग.

घरी आले तेव्हा बाबा साडेसातलाच झोपले होते. शनिवारी हल्ली लवकरच झोपतात. नवऱ्याला विचारलं, माझ्याशी बोलायला लागू नये म्हणून का? तो म्हणाला, "अगं, दमतात ते." खुर्चीत बसून दमतात. बरं.


सोमवार, २४ मार्च

जुना ड्राइव्ह सोमवारी अकरापर्यंत एकाहत्तर टक्के करायचा. नवा — अठ्ठेचाळीस.

मीटिंग. टायवाला फोनवर. खोलीचं तापमान किती आहे? केबल कुठली वापरली? मॅडमनी नीट बसवलाय ना? मी सगळ्याला 'हो' म्हणत राहिले. शेवटी तो म्हणाला की कदाचित तुमचा डेटाच वेगळ्या प्रकारचा आहे. धन्य! हे त्याला कळायला एक अख्खा ड्राइव्ह लागला.

फोन ठेवून साहेब माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तुमचं काय म्हणणं होतं मागे?"

"चार पानं होती, सर."

"थोडक्यात सांगा."

मी सांगितलं. आधी सगळं एका मधल्या डिस्कवर जमा करायचं, मोठे गठ्ठे बांधून, आणि मग तिथून टेपवर. साहेबांचे डोळे तिसऱ्या वाक्याला निघून गेले. शरीर तिथेच होतं.


बुधवार, २६ मार्च

साचेखोलीत प्रिंटर बिघडला म्हणून गेले होते. प्लास्टरकाका एकटेच होते, कोपरापर्यंत पांढरे. एकोणतीस वर्षं ते इथे साचे ओततात. बाबांच्या पायाचा साचाही त्यांनीच ओतला.

"बाबांचा पाय काय म्हणतो?"

"मजेत आहे. पलंगाखाली."

ते हसले नाहीत. "वेळ लागतो," एवढंच म्हणाले, आणि बादलीत हात घातला.

मी प्रिंटरशी झटापट करता करता त्यांना माझं रडगाणं ऐकवलं. टेप, थेंब थेंब माल, थांबणं, मागे येणं. ते पीठ मळावं तसं प्लास्टर कालवत होते. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही लोक साच्यात चमच्याने ओतताय."

"हो. अगदी तसंच."

"मग कसं होईल? पहिला चमचा घट्ट होतो तोवर दुसरा येतच नाही. भेगाच पडणार. आधी बादलीत सगळं कालवायचं, सावकाश, हवा तेवढा वेळ घ्यायचा. आणि ओतायचं ते एकदम. न थांबता." आणि ओतलंच त्यांनी — एका धारेत, हात न हलता, साचा काठापर्यंत.

माझी चार पानं. दोन वाक्यांत. एकोणतीस वर्षांत कुणी त्यांना मीटिंगला बोलावलेलं नाही.


गुरुवार, २७ मार्च

साहेबांना साचेखोलीत नेलं. प्लास्टर ओतणं दाखवलं. म्हटलं, "सर, आपल्याकडे बादली नाही."

साहेब म्हणाले, "मग बादली घ्या!"

झालं. दोन वर्षं.

पण बादलीला, म्हणजे डिस्कना, आता मंजुरी नाही. सगळी रॉकेटवर गेली. तेव्हा शोधाशोध. मागच्या वर्षी स्कॅन विभागाने एक जुनं डिस्कचं कपाट मोडीत काढलं होतं, ते कुठे गेलं कुणाला माहीत नाही. सापडलं. स्वागतकक्षात. वर कापड घालून त्यावर फुलदाणी ठेवली होती. मी कापड काढलं तर तिथली मुलगी म्हणाली, "अय्या, हे चालतं होय?"

चालतं. चोवीसपैकी एकवीस डिस्क चालतात. माझ्यापेक्षा बरं प्रमाण आहे.


मंगळवार, १ एप्रिल

बादली भरायला घेतली, तर तीही थेंब थेंब. दोन दिवस डोकं फोडून घेतलं. आज दुपारी सापडलं. बॅकअप फाइल उघडतो, की लगेच व्हायरस शोधणारा प्रोग्राम मान खुपसून ती हुंगतो. प्रत्येक फाइल. दर वेळी. काल हुंगलेली आज पुन्हा. सहा कोटी वेळा, दर आठवड्याला, गेली कित्येक वर्षं! फाइल येताना तर एकदा तपासतोच. बाहेर जाताना पुन्हा कशाला?

बॅकअपच्या वाटेतून त्याला उठवला. मग एकाच दाराने चाललेली फायलींची रांग सहा दारांनी सोडली. जुने-नवे रुग्ण वेगवेगळ्या फोल्डरांत आहेतच, त्याचा फायदा. टेपला एका वेळी द्यायचा घासही मोठा केला. संध्याकाळी आकडा बघितला. चौपट.

खुर्चीतल्या खुर्चीत एक गिरकी घेतली. कुणी बघितलं नाही.

घरी जेवताना सांगितलं. नवरा मनापासून "वा" म्हणाला. मग लगेच, "म्हणजे शनिवारी आता लवकर सुटशील का?" मी म्हटलं, इतक्यात नाही. त्याने आणि बाबांनी एकमेकांकडे बघितलं. माझ्याशिवाय घर कसं शांत असतं, ते डोळ्यांत वाचता येत होतं दोघांच्या.


शनिवार, ५ एप्रिल

सहा तास! शुक्रवारी रात्री नऊला लावला, पहाटे तीनला संपलेला. सकाळी येऊन तीनदा बघितलं. ड्राइव्ह एका सुरात गायला असणार, मी झोपले होते तेव्हा. साहेबांना मेसेज केला. दहा मिनिटांत त्यांचं सगळ्या संस्थेला पत्र — 'आपल्या नव्या ड्राइव्हमुळे बॅकअप साडेतीन दिवसांवरून सहा तासांवर.'

ड्राइव्हमुळे. ठीक आहे.


रविवार, ६ एप्रिल

सहा तास कसे?

रात्री आडवी पडले आणि गणित मांडलं. ड्राइव्ह जीव तोडून पळाला तरी चौदा तास लागायला हवेत. सहा तासांत एवढा माल मावत नाही. मावूच शकत नाही.

सकाळी येऊन टेप लावली आणि कंडक्टर बाईंचा नवा स्कॅन परत उतरवायला सांगितला. मिळाला नाही. दुसऱ्या एकाचा — नाही. या वर्षीचा कुणाचाच नाही, मागच्या वर्षीचाही नाही. सहा दारं केली, त्यांतल्या तीन दारांच्या किल्ल्याच मी बॅकअपला दिलेल्या नव्हत्या. त्याने दार ढकललं, उघडलं नाही, एक ओळ कुठेतरी नोंदवली आणि पुढे गेला. आणि शेवटी हिरव्या अक्षरांत लिहिलं — 'यशस्वी'.

चूक माझी. टायवाल्याची नाही, साहेबांची नाही. शोधूनही दुसरं कुणी सापडलं नाही.

आत्ता फक्त मला माहीत आहे. गुपचूप किल्ल्या देऊन पुढच्या आठवड्यात चौदा तास झाले तर म्हणता येईल, माल वाढला. कुणी विचारणारही नाही. हे सगळं मी सुमारे वीस मिनिटं नीट विचार करून बघितलं. मग त्या बाईंचा आवाज आठवला. साधा, न रागावलेला.


सोमवार, ७ एप्रिल

आठ वाजताच साहेबांच्या दाराशी.

"सर, शनिवारचा बॅकअप सहा तासांत संपला, कारण निम्म्याहून जास्त माल घेतलाच नव्हता. माझी चूक आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "पण मी सगळ्यांना पत्र पाठवलंय."

"ते पूर्ण गेलंय, सर."

हे बोलायला नको होतं. पण बाहेर पडलं. मग साहेबांनी विचारलं, "तुम्ही सांगितलं नसतं तर कळलं असतं का कुणाला?"

"पुढचं फोल्डर उडाल्यावर."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. म्हणाले, "दुरुस्तीचं पत्र मी लिहितो. त्यात तुमचं नाव घालणार नाही." आणि मी दारापर्यंत गेल्यावर, "ते चार पानी टिपण पुन्हा पाठवा."

सहा वर्षांत पहिल्यांदा हा माणूस मला थोडा आवडला. फार नाही.


शनिवार, १२ एप्रिल

सकाळी नऊला पहिली टेप भरली, मी दुसरी लावली. सव्वा अकराला संपलं. चौदा तास, पंधरा मिनिटं. सगळी दारं उघडी, न घेतलेल्या फायली शून्य.

या वेळी मेसेज केला नाही. टेप पुन्हा लावली आणि माल परत उतरवून मोजत बसले. कंडक्टर बाई — २,३१४ पैकी २,३१४ काप. मग मनाला येईल ते क्रमांक. चाळीस माणसं उतरवली. सगळे पूर्ण.

एकेचाळिसावा क्रमांक मनाला आलेला नव्हता, मुद्दाम टाकला. बाबा. २,१०८ पैकी २,१०८. उघडून बघितला. आठ महिन्यांत मी तो पाय नीट बघितलेला नाही. घरी ते पांघरूण ओढून घेतात, आणि मी तक्त्याकडे बघते. पडद्यावर मात्र हवा तसा फिरवता येतो. खाली शिवणीचा व्रण आहे, वाकडा, एका टोकाला जाड. तिथेच चावत असणार.

सहापर्यंत बसून राहिले. काम काही नव्हतं.


मंगळवार, १५ एप्रिल

कंडक्टर बाईंना पाय मिळाला. दुपारी माझ्या दारावर टकटक. बघते तर त्या, एका हातात काठी, दुसरा हात चौकटीवर. दोन मजले लिफ्टने, पण लिफ्टपासून माझ्या दारापर्यंत चालत.

"म्हटलं, जिने हरवला तिला दाखवून यावं."

मी खुर्ची पुढे केली. त्यांनी नको म्हटलं. उभ्या राहूनच सगळी खोली बघून घेतली. यंत्र, टेपा, माझी फुटकी कपबशी. "यात आहे होय मी?"

मी टेप हातात दिली. त्यांनी ती वजन करावी तशी हलवून बघितली आणि परत दिली. "नीट ठेवा हं."

ठेवली. तिजोरीत, वरच्या कप्प्यात. त्या गेल्यावर उगाच एकदा उघडून बघितली.


शुक्रवार, १८ एप्रिल

बॅकअप आता शनिवारी अकरा-सव्वा अकरालाच संपणार हे घरी अजून सांगितलेलं नाही. मागच्या शनिवारीही सहालाच घरी गेले आणि 'दमले बाई' म्हटलं. कुणाची फसवणूक चालली आहे कळत नाही.

खरं लिहायचं तर टेप सावकाश होती ते माझ्या पथ्यावर पडत होतं. शनिवारी नवऱ्याला सुट्टी, तो घरी, बाबांचं सगळं तो बघतो, आणि मी इथे बसून यंत्राची टक्केवारी. बाबांना आंघोळीला उतरवणं, खुर्चीत बसवणं, त्यांची ती चिडचिड — सहा दिवस कसंबसं करते. सातव्या दिवशी टेप बदलायची असते. सहा वर्षांत मी बॅकअप वेगवान करायचा एक कागद लिहिला आणि 'पाहिले' म्हटल्यावर मुकाट्याने ठेवून दिला. भांडले नाही. इतर गोष्टींवर भांडते की.

आता कारणच उरलं नाही. उद्या बारापर्यंत घरी जायचं, आधी न सांगता. पिशवी पलंगाखालून काढायची आणि बाबांशेजारी बसून विचारायचं, तो वाकडा व्रण आहे तिथेच चावतो का. तक्ता न्यायचा नाही.

नवऱ्याने झोपताना विचारलं, "उद्या सहाच ना?"

म्हटलं, हो.


शनिवार, १९ एप्रिल

अकरा वाजून पाच मिनिटांनी संपलं. बाराला घरी. दार नुसतं लोटलेलं.

फटीतून दिसले. पॅसेजमध्ये बाबा उभे. पाय लावलेला. एक हात भिंतीवर, एक नवऱ्याच्या खांद्यावर, आणि नवरा उलट्या पावलांनी मागे मागे सरकतोय. चार पावलं. मग गुडघा दुमडला, नवऱ्याने वरच्या वर धरलं. बाबांनी शिवी हासडली आणि दोघं हसले.

"बस करू या का आता?"

"सहाला वेळ आहे अजून. ती येईपर्यंत चालू दे. पडताना तिने बघायला नको, जावईबापू. ती लगेच मोजायला लागते."

मी दार तसंच ठेवलं. जिना उतरले. कोपऱ्यावरून फोन केला — टेप अडकली आहे, सहा तरी वाजतील.

"सावकाश ये," नवरा म्हणाला. धापा टाकत होता.